टोचलेला कान आणि गुडघ्यातला धातू

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता हे हाडाच्या आणि कातडीच्या डॉक्टरांच्या शेतात कशाला शिरताहेत, असं वाटलं असेल. आम्ही औषध सांगायला आलेलो नाही. एखाद्या गोष्टीला 'कारण' म्हणायचे ते कशाच्या बळावर, हा आमच्या विषयातला फार जुना वाद आहे. तो ग्रंथांत जितका झाला तितकाच गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाच्या कातडीवर झाला. शरीरात बसवलेल्या धातूमुळे अंगावर इसब उठते का, हे त्या वादातले एक प्रकरण आहे.

कापूरहोळला हे प्रकरण परके नाही. गावाला लागून पुणे-सातारा महामार्ग, एक फाटा भोरकडे, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. 'पायात रॉड टाकला', 'प्लेट बसवली' हे शब्द आता इथे कुणाला इंग्रजी वाटत नाहीत. वय झालं की 'गुडघ्याची वाटी बदलली'. मग सहा महिन्यांनी कुणीतरी सांगते, टाक्यांच्या शेजारी चट्टा उठलाय, खाज काही जात नाही. घरात लगेच तीन मते निघतात. उष्णता आहे. गजकर्ण आहे. आणि तिसरे, आतलं लोखंड बाधलं. या तिसऱ्या मताचा इतिहास आज बघायचा आहे.

सुरुवात जरा मागून करू. शस्त्रक्रियेला आपल्याकडे जुना शब्द शल्यतंत्र. शल्य म्हणजे शरीरात शिरलेली आणि बाधा करणारी परकी वस्तू: बाणाचे टोक, काटा, हाडाची कपची. ती बाहेर काढायचे शास्त्र म्हणून शल्यतंत्र. आता गंमत बघा, आज सर्जन जे काम सर्वांत जास्त अभिमानाने करतो ते शरीरात वस्तू घालायचे, आणि त्या विद्येचे नाव मात्र वस्तू काढण्यावरून पडलेले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसावा अध्याय सगळा हरवलेल्या शल्यावर आहे. शल्य कातडीत कुठे दडले ते कळत नसेल तर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावावा. तूप जिथे चटकन पाघळेल, लेप जिथे लवकर सुकेल, तिथे शल्य आहे असे समजावे. म्हणजे आत काय दडले आहे याची साक्ष कातडीकडून घ्यायची. त्याच अध्यायात आणखी एक विधान आहे. सोने, चांदी, तांबे, कथील, शिसे असे धातू फार काळ आत राहिले तर शरीराच्या उष्णतेने विरघळतात. शिंग, हाड, बांबू विरघळत नाहीत. यावरून सुश्रुताला निकेलची ऍलर्जी ठाऊक होती असे कृपा करून कुणी भाषणात ठोकू नये. त्याची उपपत्ती पित्ताची आहे, आजची वेगळी आहे. पण 'शरीरातला धातू जसाच्या तसा राहत नाही' हे निरीक्षण नीट ध्यानात ठेवा. विसाव्या शतकातल्या सर्जनांना ते पुन्हा, आणि बऱ्याच त्रासाने, शिकावे लागले.

१९१२ मध्ये अमेरिकेत शर्मन यांनी व्हॅनेडियम पोलादाच्या पट्ट्या आणल्या. मजबूत होत्या, पण गंजायच्या. शरीर म्हणजे शेवटी कोमट खारे पाणी. त्यात पोलाद किती दिवस टिकणार? १९३७ च्या सुमारास टेक्सासमधल्या व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवून दिले की एका धातूची पट्टी आणि दुसऱ्या धातूचा स्क्रू हाडात शेजारी बसवले तर त्यांची चक्क बॅटरी बनते, धातू झिजतो आणि भोवतालचे हाड बिघडते. त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची शिफारस केली. पुढे स्टेनलेस स्टील सुधारले, टायटॅनियम आले. आजच्या स्टीलच्या प्लेटमध्ये निकेल साधारण १० ते १४ टक्के असते. गुडघ्याच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यात ते १ टक्क्याहूनही कमी, पण असते. या सगळ्यांना 'निष्क्रिय धातू' म्हणायची पद्धत पडली. खरे तर निष्क्रिय कोणताच नाही. त्यांच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो त्यांना राखतो. घर्षणाने तो खरवडला की धातूचे कण आणि आयन आसपास सुटतात. प्रमाण अत्यल्प. पण ऍलर्जीला प्रमाणाचे फारसे सोयरसुतक नसते.

ऍलर्जी हा शब्दही तसा तरुणच. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये घडवला. त्याच्या अकरा वर्षे आधी, १८९५ मध्ये, योझेफ याडासोन या जर्मन त्वचातज्ज्ञाने ग्रात्सच्या परिषदेत एक साधी युक्ती मांडली होती. पाऱ्याच्या मलमाने ज्यांच्या अंगावर पुरळ उठले त्यांच्या निरोगी कातडीवर त्याने तेच थोडेसे लावून झाकून ठेवले आणि वाट पाहिली. तिथेही पुरळ उठले. हीच ती पॅच टेस्ट. आजही मूळ कल्पना तीच आहे: पाठीवर छोट्या वाट्यांतून पदार्थ चिकटवतात (निकेल सल्फेट असेल तर व्हॅसलिनमध्ये ५ टक्के), ४८ तासांनी काढतात, तेव्हा बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. धातूंसाठी आठवड्याने परत एकदा. का? कारण ही प्रतिक्रिया उशिरा येणारी आहे. अंगावर पित्त उठते ते काही मिनिटांत उठते आणि जाते. ते निराळे प्रकरण. इथे पहिल्या भेटीत काहीच घडत नाही. निकेलचा आयन इतका लहान की एकटा तो शरीराच्या नजरेत भरत नाही; आपल्याच प्रथिनाला तो चिकटला की ते प्रथिन शरीराला परके वाटू लागते. रक्तातल्या टी पेशी ही ओळख लक्षात ठेवतात, आणि पुढच्या भेटीत दीड-दोन दिवसांनी फौज येते. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगवर दाखवले की ही ऍलर्जी एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते, पण रक्तद्रवाने नाही, पेशींनीच. म्हणजे आठवण पेशींत राहते. आम्हाला हे वाक्य फार आवडते, कारण इतिहास नावाची गोष्ट कातडीलाही असते असा त्याचा अर्थ होतो.

हे सगळे लांबचे वाटत असेल तर आपल्या बांधावरचे उदाहरण घ्या. गाजरगवत. काँग्रेस गवत म्हणतो आपण. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रा. परांजपे यांना ते दिसले आणि १९५६ मध्ये शेषगिरी राव यांनी भारतासाठी नवी नोंद म्हणून ते छापले. पुढे ते माजले, आणि शेतात राबणाऱ्या माणसांच्या तोंडावर, मानेवर, कोपराच्या घडीत इसब दिसू लागले. पुण्याचे त्वचातज्ज्ञ लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन यांच्याबरोबर १९७४ मध्ये त्यावर लंडनच्या एका त्वचारोग-नियतकालिकात निबंध लिहिला. आता ध्यानात घ्या: त्याच नियतकालिकात आठ वर्षे आधी, १९६६ मध्ये, फूसरो आणि लोजिए या फ्रेंच डॉक्टरांचा निबंध आला होता. हाड जोडण्यासाठी आत बसवलेल्या धातूमुळे कातडीवर ऍलर्जीचे इसब येऊ शकते, अशी ही पहिली ठळक नोंद मानली जाते. गवत बाहेरचे, प्लेट आतली. शरीराची चाल मात्र एकच.

(गाजरगवतावरून एक तिरपी गोष्ट. ते अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आले असे आपण सगळेच सांगतो. तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. गवत त्याआधी दिसले होते. कार्य आधी आणि कारण नंतर, हे कसं चालेल? अर्थात १९५१ मध्येही कर्जाऊ अमेरिकन गहू आला होता, तेव्हा गहू पुरता निर्दोष सुटत नाही. पण करारावरचा आरोप टिकत नाही.)

आता मुख्य प्रश्न. प्लेट बसवली आणि इसब उठले. एवढ्याने प्लेट दोषी ठरते का? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असेही असेल. न्यायशास्त्रात यासाठी अन्वय-व्यतिरेकाची जोडी आहे. हे असताना ते असते, हा अन्वय. हे नसताना ते नसते, हा व्यतिरेक. दोन्ही दाखवल्याशिवाय कारण सिद्ध होत नाही. प्लेटच्या बाबतीत व्यतिरेक शक्य असतो. हाड सांधले की प्लेट काढता येते. काढल्यावर महिनोनमहिने न हटलेले इसब काही आठवड्यांत गेले तर पुरावा भक्कम. वाङ्मयात अशी प्रकरणे आहेत. गुडघ्याचे काय? बदललेला गुडघा 'बघू काढून' म्हणून काढता येत नाही. व्यतिरेकाची किंमत इथे एक पाय असू शकते. म्हणून सांध्यांबाबतचा वाद पन्नास वर्षे चालला आहे.

१९७४ मध्येच इंग्लंडात एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी धातूचा सांधा बसवलेल्या ३८ जणांची तपासणी केली. सांधा सैल झालेले १४. त्यांतल्या ९ जणांना धातूची ऍलर्जी निघाली. सांधा घट्ट असलेले २४. त्यांतल्या एकालाही नाही. आकडे बघून कुणीही म्हणेल, झालं, सिद्ध! पण थांबा. ऍलर्जीमुळे सांधा सैल झाला, की सैल सांधा घासून धातूचा चुरा सुटला आणि त्यामुळे ऍलर्जी जडली? आकडे दोन्ही कथांना सारखेच साक्ष देतात. पुढे डेन्मार्कमध्ये त्वचाचाचण्यांच्या नोंदी आणि सांधेबदलाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, २००९ मध्ये खुब्यांच्या आणि २०१५ मध्ये गुडघ्यांच्या. ज्यांची पॅच टेस्ट धातूला पॉझिटिव्ह त्यांचे सांधे पुन्हा बदलावे लागण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे जास्त दिसले नाही. ज्यांचा गुडघा अनेकदा बदलावा लागला त्यांच्यात मात्र ऍलर्जी अधिक आढळली. निकेल चालत नसलेल्या हजारो बाया निकेल असलेला गुडघा घेऊन सुखाने चालताहेत, हे यातून कळते. पण समूहात संबंध दिसत नाही म्हणून एका माणसात तो असूच शकत नाही, असे निघत नाही. इथे डॉक्टरमंडळी आणि रुग्ण एकमेकांना दुखावतात. डॉक्टर समूहाबद्दल खरे बोलत असतो, रुग्ण स्वतःबद्दल खरे बोलत असते, आणि दोघांना वाटते समोरचा खोटे बोलतोय.

मग एका माणसाचे ठरवायचे कशावरून? त्याच्या इतिहासावरून. आणि हा इतिहास बहुतेक वेळा कानापासून सुरू होतो.

आपल्याकडे कान टोचायचा तो सोनाराने, ही म्हणसुद्धा झाली आहे. तान्ह्या मुलाचे कान सोन्याच्या बारीक तारेने टोचत. चांगल्या सोन्यात निकेल नसते. बाजारात स्वस्त खोटे दागिने आले, भोक ताजे असतानाच त्यांतले निकेल उघड्या मांसाला लागू लागले, आणि ओळख पटण्याचा राजमार्ग तयार झाला. नंतर घड्याळाच्या मागची तबकडी, पँटचे बटण, साध्या साखळीतले मंगळसूत्र, यांच्याखाली खाज सुटते. बायकांत निकेलची ऍलर्जी पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळते त्याचे हे मोठे कारण. डेन्मार्कने १९९० पासून दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर बंधन घातले. नंतर कान टोचलेल्या मुलींत ही ऍलर्जी कमी झाली. इथे अन्वयही आहे, व्यतिरेकही आहे, आणि कुणाचा पाय पणाला लागलेला नाही. असा पुरावा दिसला की आमच्यासारख्याला समाधान वाटते.

याला आणखी एक बाजू आहे. ज्या मुलांच्या दातांना आधी तारा बसल्या आणि कान नंतर टोचले गेले, त्यांच्यात निकेलची ऍलर्जी कमी आढळली. क्रम उलटा असेल तर हा फायदा दिसत नाही. चेस यांनी १९४६ मध्येच गिनीपिगना एक रसायन आधी खाऊ घालून नंतर कातडीला लावले होते. ऍलर्जी जडली नाही. तोंडावाटे आलेल्याला शरीर पाहुणा मानते, कातडी फोडून आलेल्याला घुसखोर. तुमच्या गावात हे सांगताना धाराऊंची आठवण येणे साहजिक आहे. पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजले ते याच कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी. परक्या आईचे दूध शरीर आपले मानते, ही एरवी किती मोठी गोष्ट आहे! असो. मुद्दा एवढाच की तीच वस्तू, तेच शरीर, पण कोणत्या दाराने आणि कोणत्या क्रमाने भेट झाली त्यावर पुढचे सगळे ठरते.

आता परत त्या टाक्यांशेजारच्या चट्ट्याकडे. तो उठला की धातूवर संशय घेण्याआधी आणखी काही संशयितांना बोलवावे लागते. पहिला जंतुसंसर्ग, तो वगळल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण सांध्यातला संसर्ग वेळ देत नाही. दुसरा, जखमेवरची मलमे. निओमायसिन, फ्रॅमायसेटिन ही घरोघरी चोळली जाणारी औषधे स्वतःच ऍलर्जीची नामांकित कारणे आहेत. ड्रेसिंगचा चिकटपट्टा, आयोडिनचे द्रावणही. तिसरा, हाडाचे सिमेंट. चार्न्ले यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याचा सांधा बसवायला वापरायला घेतलेले ऍक्रिलिक. धातूला दोष देताना लोक त्याला विसरतात. त्यातल्या रसायनांची आणि मिसळलेल्या जेंटामायसिनचीही ऍलर्जी होते.

चौथा संशयित सर्वांत मनोवेधक आहे. गुडघ्यावर मधोमध उभा छेद घेतला की बाहेरच्या बाजूच्या कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस बहुधा कापली जाते. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला बधिर पट्टा राहतो, तिथला घाम कमी होतो, कातडी कोरडी पडते, आणि काही महिन्यांनी नेमके तिथेच इसब उठते. दिसायला अगदी धातूच्या ऍलर्जीसारखे. भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने केली आहेत. न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. अग्नी तिथे धूर, असे आपण म्हणतो. पण धुराचे खरे कारण ओले इंधन असते, लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. तसेच इथे. 'गुडघा बदलला तिथे इसब' या संबंधात कापलेली नस हे ओले इंधन आहे. चट्टा फक्त बाहेरच्या बाजूला आहे का आणि तिथे बोट लावल्यावर कळते का, एवढे दोन प्रश्न विचारले की बरेच उमगते. उपाय मलमाचा आणि कातडी मऊ ठेवण्याचा. चांगला बसलेला गुडघा उघडण्याचा नव्हे. उलट, ज्या बाईला खोट्या कानातल्याने आयुष्यभर खाज आली, जिचा चट्टा टाक्यांपुरता न राहता अंगभर पसरतोय, सांधा सुजतोय आणि संसर्ग तर सापडत नाही, तिला 'मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवणे हाही तितकाच मोठा अन्याय.

सगळ्यांचीच आधी पॅच टेस्ट करावी का? जगभरातल्या जाणकारांचा कल 'नको' असा आहे, आणि आम्हाला तो पटतो. पाठीवरची कातडी आणि सांध्याच्या आतले अस्तर एक नव्हे; पाठीने दिलेली साक्ष आत लागू पडेलच असे नाही. पण दागिन्याने, बटणाने, पट्ट्याने पूर्वी ठसठशीत त्रास झाला असेल तर तो शस्त्रक्रियेआधी सांगावा, आणि मग चाचणी, मग धातूची निवड. ही निवड फुकट नसते. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली, आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूच्या गुडघ्याची ७६,६०० रुपये, कर वेगळा. जवळपास बावीस हजारांचा फरक. भात आणि नाचणीवर घर चालवणाऱ्याला तो केवळ भीतीपोटी भरायला लावू नये, आणि खरी गरज असेल तर नाकारूही नये.

शेवटी एएसआर खुब्याचे प्रकरण, कारण त्यात महाराष्ट्र पुढे होता. डेप्यूच्या या सांध्यात धातूवर धातू घासत असे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. कोबाल्ट-क्रोमियमचा चुरा आसपासच्या मांसात आणि रक्तात उतरत होता. काहींच्या सांध्याभोवती लिंफोसाइट पेशींचे थर सापडले. याला ऍलर्जी म्हणायचे की सरळ विषबाधा, यावर अजून तंटा आहे. कातडीच्या इसबापेक्षा हे निराळे आणि अधिक गंभीर. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते, आणि त्यांतले साडेतीन हजारांच्या आसपास रुग्ण कुठे आहेत हेच सापडेना. पत्ते नाहीत, कागद नाहीत. कुणाच्या शरीरात काय आहे ते त्यालाच माहीत नाही. दरम्यान २०१५ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाच्या देखरेखीखाली वैद्यकीय उपकरणांच्या त्रासाची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. तिच्याकडे कळवता येते. पण कळवताना उपकरणाचे नाव आणि बॅच क्रमांक सांगता आला पाहिजे.

तो क्रमांक कुठे मिळतो ते सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. सांध्याच्या प्रत्येक खोक्यात चिकटवायचे स्टिकर असतात: कंपनी, धातू, माप, बॅच. शस्त्रक्रिया झाली की ते केसपेपरवर लावतात. घरी जाताना त्यांची एक प्रत मागून घ्यायची, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायची. आणि त्याच कागदाच्या मागे आपल्या हाताने लिहायचे: कान कधी टोचले, कशाने टोचले, आणि कोणत्या दागिन्याने खाज आली होती.